जर्सी बदलता येते, पासपोर्टाचं तसं नाही

पत्र ठाण्याहून आलं आहे, एका बाबांचं. नाव-पत्ता देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत.

हे आणि यांची पत्नी नोकरीनिमित्त काही वर्षं ऑकलंडला होते. मुलगी 2005 साली तिथेच जन्मली. तेव्हा पुढचा फारसा विचार न करता तिचा न्यूझीलंडचा पासपोर्ट काढला. 2013 मध्ये सगळे परत आले, घोडबंदर रोडला घर घेतलं. धाकटा मुलगा इथेच झाला. त्यामुळे घरात तिघांकडे भारतीय पासपोर्ट आणि मुलीकडे न्यूझीलंडचा पासपोर्ट व ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड. ऑकलंडच्या शाळेत ती रिप्पा रग्बी खेळायची. या प्रकारात अंगावर कुणी येत नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी लटकवायच्या आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची रिबीन ओढायची. तेव्हा लागलेलं वेड अजून सुटलेलं नाही. दर रविवारी पहाटे ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ती नवी मुंबईत सरावाला जाते आणि दुपारी चिखलाची जर्सी बादलीत भिजत पडते.

आता प्रशिक्षक म्हणाले आहेत की सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीच्या, भारतीय संघासाठी तिचा विचार होऊ शकतो, पण भारतीय पासपोर्ट लागेल, आणि तुमचं काय ते दिवाळीपर्यंत सांगा. आजोबांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही, परक्या देशाचा पासपोर्ट उद्याच परत करावा. आई म्हणते, वेड लागलंय का, लोक त्या पासपोर्टासाठी जन्म घालवतात. बाबा लिहितात: "एकदा भारताकडून खेळली की न्यूझीलंडचं दार कायमचं बंद. म्हणजे आत्ताच एक काय ते ठरवायला हवं. तिचे मित्र म्हणतात, पुढे संघ बदलता येतो. पण आज इकडे, उद्या तिकडे, याला गद्दारी नाही तर काय म्हणायचं? ताई, बाप म्हणून मी तिला काय सांगू?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की आजोबांचं म्हणणं त्यात सविस्तर आहे, आईचं आहे, तुमची काळजी तर दीड पानभर आहे. मुलीचं मात्र एकच वाक्य आहे: "ती म्हणते, मला खेळायचंय." या वाक्याकडे मी शेवटी येते. आधी तुमच्या पत्रातली एक गाठ सोडवायला हवी, कारण घरातली निम्मी भांडणं तिच्यामुळे होत असावीत असं मला वाटतं.

"दार बंद" असं तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या मनात एकच दार आहे. पण दारं दोन आहेत. एक रग्बीच्या जागतिक संघटनेचं, म्हणजे वर्ल्ड रग्बीचं. दुसरं भारताच्या नागरिकत्वाच्या कायद्याचं. पहिल्याची तुम्हाला भीती वाटते आणि दुसऱ्याकडे घरातलं कुणी नीट पाहिलेलंच नाही. माझ्या मते भीतीची जागा चुकली आहे.

आधी पहिलं दार पाहू. कोण कोणत्या देशाकडून खेळू शकतो हे वर्ल्ड रग्बीच्या आठव्या नियमात आहे, आणि या नियमात पासपोर्टाला महत्त्व नाही. तो विचारतो: तुमचा जन्म त्या देशात झाला का? नसेल, तर आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा झाला का? तेही नसेल, तर सलग 60 महिने फक्त तिथल्याच रग्बी संघटनेकडे तुमची नोंदणी होती का, किंवा तिथे तुटक तुटक मिळून 10 वर्षं राहिलात का? आधी ही अट सलग 36 महिने तिथे राहण्याची होती. ती 60 करायचं 2017 मध्ये ठरलं, कारण मोठे संघ छोट्या देशांतून मुलं आणून तीन वर्षांत आपली करून घेऊ लागले होते. तुमच्या लेकीला ही फूटपट्टी लावून पाहा. जन्माने ती न्यूझीलंडकडून खेळू शकते. तुम्ही दोघं इथे जन्मलात, म्हणून भारताकडूनही. शिवाय 2013 पासून इथे राहते, त्या नात्यानेही.

आता तुमची भीती. तुम्ही म्हणता तसा नियम खरंच होता, आणि बराच काळ होता. एका देशाच्या मुख्य संघाकडून एकदा मैदानात उतरलं की खेळाडू त्या देशाला बांधला गेला. रग्बीवाले त्याला "कॅप्चर झाला" म्हणतात. मग तो पूर्ण ऐंशी मिनिटं खेळलेला असो की शेवटची पाच मिनिटं बदली म्हणून आलेला असो.

नोव्हेंबर 2021 मध्ये वर्ल्ड रग्बीने हे बदललं आणि 1 जानेवारी 2022 पासून नवा नियम लागू झाला. एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला आता आयुष्यात एकदा दुसऱ्या देशाकडे जाता येतं. त्यासाठी शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर 36 महिने कुठल्याच देशाकडून खेळलेलं नसावं, आणि नव्या देशात खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी जन्म झालेला असावा. वर अर्ज करून संघटनेची मंजुरी घ्यावी लागते. इथे एक बारकावा आहे, तो सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावा. नुसत्या वास्तव्याच्या जोरावर संघ बदलता येत नाही. समजा, कळव्याचा एखादा मुलगा भारताकडून खेळला, मग नोकरीला दुबईत गेला आणि तिथे पाच काय, पंधरा वर्षं राहिला, तरी त्याला या नियमाने तिथल्या संघात जाता येणार नाही. तिथे त्याचं रक्ताचं किंवा जन्माचं नातं नाही. तुमच्या मुलीचं दोन्हीकडे आहे. म्हणजे ती भारताकडून खेळली आणि पुढे कधी न्यूझीलंडने तिला बोलावलं, तर तीन वर्षांच्या थांब्यानंतर तिला जाता येईल. उलट दिशेनेही येता येईल.

तुमच्या मनात खरा सल गद्दारीचा आहे, त्यामुळे तिथे मी जरा थांबणार आहे.

हा नियम कुणासाठी आला ते पाहा. टोंगा हा जेमतेम लाखभर वस्तीचा देश, सामोआ दोनेक लाखांचा. ठाणे महापालिकेच्या हद्दीत यांच्या कितीतरी पट माणसं राहतात. पण रग्बी तिथल्या मातीत आहे. तिथली मुलं शिक्षणासाठी, आईबापांच्या मजुरीसाठी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात जातात, तिथल्या शाळांत घडतात, तिथल्या राष्ट्रीय संघांत निवडली जातात. कुणी दोन सामने खेळतो, कुणी वीस. मग संघ त्यांना विसरतो. वय असतं अठ्ठावीस-तीस, अंगात खेळ शिल्लक असतो, आणि मायदेशाचा संघ तिकडे मोठ्यांकडून मार खात असतो. पण जुन्या नियमाने घरी परतायला जवळपास वाटच नव्हती.

मलाकाई फेकितोआ हा टोंगात जन्मलेला खेळाडू. 2015 ची विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूझीलंडच्या संघात तो होता. 2023 च्या विश्वचषकात तो टोंगाच्या लाल जर्सीत उतरला. त्याच्यासोबत चार्ल्स पियुताऊ आणि वाएआ फिफिता होते, तेही आधी न्यूझीलंडकडून खेळलेले. सामोआच्या संघात क्रिस्टियन लेआलीइफानो होता. तो ऑस्ट्रेलियाकडून खेळायचा, 2016 मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाला, त्यातून बरा होऊन 2019 मध्ये तो पुन्हा ऑस्ट्रेलियाच्या संघात आला आणि चार वर्षांनी आईवडिलांच्या सामोआकडून विश्वचषक खेळला. त्या स्पर्धेत सामोआ इंग्लंडशी 17-18 असा, केवळ एका गुणाने हरला. या माणसांना गद्दार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांनी घडवलं त्यांच्यासाठी ते खेळले, आणि ज्यांच्या पोटी जन्मले त्यांच्यासाठीही खेळले.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. लहानच आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मी सांगलीकडून खो-खो खेळायचे. लग्न होऊन ठाण्यात आले आणि पुढच्याच वर्षी ठाण्याच्या संघात निवड झाली. राज्य स्पर्धेत सांगलीशी गाठ पडली. समोर पाटीवर बसलेल्या मुलींबरोबर मी सहा वर्षं एका ताटात जेवले होते. खांबाजवळ आले की मी डावीकडे हुलकावणी देते हे त्यांना माझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. मी मैदानात जेमतेम दीड मिनिट टिकले. जिने बाद केलं तिने पाठीवर हात टेकवला आणि दम खात विचारलं, "घरी कधी येतीस?" तेवढंच. मी सांगली सोडली असं तिच्या मनातही नव्हतं, आणि त्या दिवशी ठाण्यासाठी जीव तोडून पळाले नाही असं ठाण्यातलं कुणी म्हणू शकलं नसतं. आपल्याकडच्या बायका पिढ्यानपिढ्या एका घरातून उठून दुसऱ्या घरच्या होतात. माहेर सुटत नाही आणि सासर परकं राहत नाही. दोन घरांवर जीव असण्याला आपल्या भाषेत कुणी गद्दारी म्हणत नाही. तुमच्या मुलीचं आयुष्य जन्मापासूनच दोन घरांत वाटलेलं आहे. तो निर्णय तुमचा होता, आणि त्यात चूक काही नव्हती.

लबाडी मात्र वेगळी असते. रग्बीत तीही झाली आहे. 2000 साली वेल्सकडून खेळणाऱ्या शेन हॉवर्थचं प्रकरण गाजलं. आजोबा कार्डिफला जन्मले असं सांगून तो संघात होता, आणि ते खरं नाही असं निष्पन्न झालं. 2022 मध्ये स्पेनला तर विश्वचषकाचं मिळालेलं तिकीट गमवावं लागलं. पात्र नसलेला खेळाडू खेळवला गेला होता, आणि वास्तव्य पूर्ण दिसावं म्हणून त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झाल्याचं उघड झालं. स्पेनचे दहा गुण कापले गेले आणि 2023 च्या स्पर्धेला त्यांच्या जागी रोमेनिया गेला. एका झेरॉक्ससाठी बाकीच्या सगळ्या मुलांची चार वर्षं पाण्यात गेली. राग यायचा तर याचा यावा.

आता दुसरं दार. इथे मात्र तुम्ही सगळ्यांनी सावकाश व्हा.

वर्ल्ड रग्बीला पासपोर्ट नको असला, तरी भारत सरकारला हवा आहे. देशाचं प्रतिनिधित्व भारतीय नागरिकानेच करायचं, हे क्रीडा मंत्रालयाने 2008 च्या अखेरीस ठरवलं. ओसीआय कार्ड त्याला चालत नाही. त्याआधी प्रकाश अमृतराजसारखा अमेरिकी नागरिक भारताकडून टेनिसचा डेव्हिस कप खेळू शकत होता, ते तिथेच थांबलं. म्हणून तुमच्या प्रशिक्षकांनी पासपोर्ट मागितला. त्यांचं बरोबर आहे. आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय व्हायचं तर न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडावंच लागेल.

हे कुणी करत नाही असं नाही. फुटबॉलमध्ये इझुमी अराता जपानचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. 2025 मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, त्याच्या आईचं मूळ मुंबईचं. पण हे दोघे इथे व्यावसायिक फुटबॉल खेळत होते, त्यावर त्यांचं पोट चालत होतं, आणि वयाने ते तुमच्या मुलीपेक्षा बरेच मोठे होते. तिचं वय आज वीस आहे.

कायद्याची वाट तिच्यासाठी उघडी आहे. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, पाच वर्षं ओसीआय कार्डधारक असलेल्या आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेल्या सज्ञान व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. ती यात बसते. पण अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्याकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. दिवाळीपर्यंत फार तर तुमचा विचार पक्का होईल, पासपोर्ट हातात येणार नाही. प्रशिक्षकांना हे स्पष्ट सांगा आणि त्यांना दिवाळीपर्यंत नेमकं काय हवं आहे ते विचारा. बहुधा त्यांना तुमचा इरादा कळायला हवा आहे. शिवाय कोणता कागद आधी आणि कोणता नंतर हे नागरिकत्वाची कामं करणाऱ्या वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय कुठेही सही करू नका. जुनं सुटलं आणि नवं हातात आलं नाही, अशी मधली अवस्था एका दिवसासाठीसुद्धा नको. "उद्याच परत करावा" हे आजोबांचं वाक्य मनापासून आलेलं आहे, पण पासपोर्ट असा परत होत नाही.

आता एक गोष्ट जी घरात कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. समजा तिने न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडलं. तरी रग्बीच्या नियमाने ती न्यूझीलंडसाठी पात्र राहतेच, कारण ती ऑकलंडला जन्मली आणि जन्मस्थान कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणजे खेळाचं दार उघडं राहतं आणि देशाचं बंद होतं. तिथे जायला तिला धाकट्या भावासारखाच व्हिसा काढावा लागेल. तिथल्या विद्यापीठात नागरिकांच्या फीमध्ये शिकण्याची सोय जाईल. ऑलिंपिकचा हिशेब आणखी वेगळा. तिथे ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व लागतंच, आणि एका देशाकडून खेळून नागरिकत्व बदललं तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं.

मुलीची आई व्यवहार पाहते म्हणून तिला दोष देऊ नका. परदेशात मूल वाढवताना तो पासपोर्ट काय सोयीचा असतो हे तिने पाहिलेलं आहे. फक्त तिला एक विचारा: मुलीला खरंच परत तिकडे जाऊन राहायचंय का? की कपाटात ठेवलेल्या दागिन्यासारखा तो असावा, वापरला नाही तरी चालेल? असं वाटण्यातही गैर काही नाही. पण मग त्या दागिन्याची किंमत कोण मोजतंय तेही पाहावं लागेल.

आणि खेळाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. न्यूझीलंडच्या महिला सेव्हन्स संघाने टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली आहेत. तिथल्या मुली शाळेपासून रोज रग्बी खेळतात. आठवड्यातून एकदा चिखलात सराव करणाऱ्या आपल्या मुलीला त्या संघात जागा मिळणं किती कठीण आहे, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळत असेल. भारतीय महिला अजून एकदाही ऑलिंपिकच्या रग्बीसाठी पात्र ठरलेल्या नाहीत. पण ओडिशा-बिहारच्या खेड्यांतून आलेल्या मुलींनी आशियात या संघाचं नाव केलं आहे आणि त्या संघातली जागाही सोपी नाही. पासपोर्ट हातात आला म्हणजे निवड झाली असं मुळीच नाही. गुडघा दुखावला, फॉर्म गेला, प्रशिक्षक बदलले, तर जर्सी राहील बाजूला आणि नागरिकत्व मात्र कायमचं बदललेलं असेल.

म्हणून मी म्हणते, रग्बीसाठी पासपोर्ट बदलू नका. रग्बी हे निमित्त झालं तर हरकत नाही, पण कारण आयुष्याचं असावं.

तुमच्यासारखी घरं आता घोडबंदर रोडला, खारघरला, नेरूळला कमी नाहीत. पोरांची दोन-दोन घरं, हातात कुठलातरी खेळ. त्या सगळ्यांसाठी चार गोष्टी सांगते. प्रत्येक खेळाचा नियम वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला लावू नका. फुटबॉलमध्येही 2020 पासून संघ बदलायची सोय आहे, पण तिथे मुख्य संघाचे तीनपेक्षा जास्त सामने झालेले नसावेत, तेही वय एकवीस व्हायच्या आतले असावेत आणि मध्ये तीन वर्षं गेलेली असावीत, शिवाय विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेलं नसावं. रग्बीत सराव शिबिराला गेल्याने कुणी बांधलं जात नाही. सामन्यासाठीच्या संघात नाव आलं की प्रश्न सुरू होतो. वीस वर्षांखालच्या संघाकडून खेळल्यानेही बांधलं जात नाही, 2018 पासून तशी तरतूद उरलेली नाही. मोठ्यांच्या सेव्हन्सचं मात्र वेगळं आहे आणि त्यात खेळाडूच्या वयाचाही हिशेब असतो. म्हणून कोणतीही जर्सी अंगात घालण्याआधी "या सामन्याने मी बांधली जाईन का?" एवढा एकच प्रश्न संघटनेला ईमेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं. मैदानाच्या कडेला मिळालेल्या तोंडी उत्तरावर जाऊ नये.

दाखलेही आत्ताच गोळा करून ठेवा. तुमच्या मुलीला तुमचे दोघांचे जन्मदाखले पुरतील. पण ज्यांचं नातं आजी-आजोबांवरून जोडायचं आहे, त्यांची खरी धावपळ होते. आजीचा जन्म गावच्या घरात, सुईणीच्या हातून झालेला, तारीख "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", आणि नाव लग्नानंतर बदललेलं. शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामपंचायतीची जन्मनोंद, विवाहाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र, जे मिळेल ते आजी हयात असतानाच शोधायला लागा. तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नसते.

आता ते एक वाक्य. "मला खेळायचंय."

यात भारत नाही, न्यूझीलंड नाही, पासपोर्टही नाही. वीस वर्षांची मुलगी काय बोलते याकडे घरातले तिघं तीन बाजूंनी कान लावून बसले आहेत, आणि प्रत्येकाला तिच्या तोंडून स्वतःचंच उत्तर ऐकायचं आहे. अशा वेळी मुलं सगळ्यांना चालेल असं सर्वांत छोटं वाक्य बोलतात. तिने तेच केलं असावं असं मला वाटतं. तुम्ही विचारता, बाप म्हणून काय सांगू. तुम्ही अजून तिला विचारलेलंच नाही. सही तिची आहे. ती सज्ञान आहे. तुम्ही तिला माहिती द्या, वकिलाची फी द्या, आणि लहानपणी घाईत पासपोर्ट काढल्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावरून उतरवा. 2005 मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन तुम्ही जे केलं, ते कुठल्याही आईबापांनी केलं असतं.

आजोबांना एकदा मैदानावर घेऊन जा. त्यांनी तिचा एकही सामना पाहिला नसावा असा माझा अंदाज आहे, कारण पत्रात ते देशाबद्दल बोलतात, खेळाबद्दल काहीच नाही. खाली पडलेली मुलगी चेंडू सोडत नाही आणि तिच्यावरून दोघी-तिघी जातात, हे पाहिल्यावर त्यांचं म्हणणं बदलेल की नाही ते माहीत नाही. नातीशी बोलणं मात्र बदलेल.

आणि येत्या रविवारी तुम्ही एकटे तिच्याबरोबर जा. पहाटेची गाडी, तिची ती जड बॅग तुम्ही उचला. जाताना या विषयावर एक शब्दही काढू नका, तिचं लक्ष सरावात असेल. परत येताना, ती खिडकीशी बसलेली असताना, एकच विचारा: "समज, भारताच्या संघात तुझी निवड कधीच झाली नाही. तरी तुला हा पासपोर्ट हवा असेल?"

ती हो म्हणाली, तर सोमवारी वकिलाची वेळ घ्या. नाही म्हणाली, तर प्रशिक्षकांना आभार मानून तसं कळवा आणि रविवारचा सराव चालू ठेवा. ती पंचविशीतही रग्बी खेळू शकेल, कायद्याची वाट तोवर कुठे जात नाही. "माहीत नाही" म्हणाली, तर तेही उत्तर आहे, आणि मग दिवाळीची मुदत तुमच्यासाठी नाही असं समजा. ऐरोलीपर्यंत ती काहीच बोलली नाही, तरी तुम्ही बोलू नका.